वाळूचा पत्ता

कोल्हापूरला समुद्र नाही, ही गोष्ट कोल्हापूरकरानं कधी फारशी मनावर घेतलेली नाही. रंकाळ्याला चौपाटी आहे, चौपाटीवर भेळ आहे. लाटेवाचून कुणाचं अडल्याचं ऐकिवात नाही. पण २०२१ साली टोकियोत सर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि आमच्या तालमीतल्या मित्राचं अडलं. फळीवर पालथं पडायचं, हातांवर भार टाकायचा, झटक्यात उभं राहायचं. "भावा, हे तर जोरच की! आपण लहानपणापासून काढतोय."

झालं. गगनबावड्याचा घाट उतरून आम्ही मालवणजवळ देवबागला. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. तोंडाशी वाळूचा एक पट्टा आहे, त्यावर झकास लाट फुटते, ही मित्राच्या दाजींची खात्रीशीर माहिती. मोबाईलच्या नकाशावर खूणही केलेली. खुणेपाशी पोचलो तर पाणीच पाणी.

"ती वाळू गेल्या पावसात व्हावान गेली," होडीवाले काका म्हणाले.

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

काकांनी हात हलवला. त्यात अर्धा अरबी समुद्र आला.

प्रकार असा की ओहोटीला नदी वाळू बाहेर ढकलते, लाटा ती परत आत लोटतात आणि पावसाळ्यातला पूर येऊन सगळं विस्कटतो. लाट फुटते ती पाणी उथळ झाल्यावर, म्हणजे वाळू हलली की लाटही हलली. आमच्याकडं बांध वीतभर सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. इथं अख्खं रान एका पावसात जागा सोडतं आणि कुणी साधी नोटीस काढत नाही!

नवा पट्टा होता, पण ऐन मुखाशी. मित्र फळी घेऊन निघालाच.

"थंय जाव नकात," काका म्हणाले. "सुकती लागली हा. थेट भायर नेतली." सुकती म्हणजे ओहोटी.

"काका, पंचगंगेच्या पुरात उड्या मारलेली पोरं आहोत आम्ही."

"पंचगंगेक पलतड असा. हेची पलतड आफ्रिकेत."

यावर तालमीत उत्तर शिकवलेलं नव्हतं. मग भरतीची वाट बघा. ती तरी कालच्या वेळेला यावी? रोज पन्नासेक मिनिटं उशीर. (आमच्या एसटीबद्दल मी यापुढं काही बोलणार नाही.)

शेवटी मुखापासून लांब, किनाऱ्यालगत, शिकवणाऱ्या पोराच्या देखरेखीखाली आम्ही पाण्यात उतरलो. माझ्याविषयी एवढंच सांगतो की खारं पाणी नाकातून गेलं की मेंदूपर्यंत पोचतं. मित्र मात्र उभा राहिला. छाती काढून, मांडीवर थाप मारून. "काढ फोटो!" मी काढला. फळी जराही डुगडुगत नव्हती, कारण तिच्याखालचा माशाच्या परासारखा फिन वाळूत रुतला होता आणि पाणी जेमतेम गुडघाभर.

तो फोटो आता तालमीच्या ग्रुपचा डीपी आहे. मागं लाट येताना स्वच्छ दिसते. पुढचा फोटो नाही. मोबाईल माझ्याच हातात होता आणि लाटेनं आम्हा दोघांत भेदभाव केला नाही.