दहा मिनिटांत बी-२? असं कसं बाप्पा!

मागच्या आठवड्यात आमच्या आतेभावानं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली मला उद्देशून लिहिलं, "ताई, मी तं दहा मिनिटात बी-२ झालो. तू काऊन दोन वर्षांपासून खपून राहिली?" बी-२ म्हणजे परकी भाषा किती येते ते सांगणाऱ्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली चौथी. साहेबांना स्पॅनिश सुरू करून तीन महिने झालेत. तेही बर्डी ते खापरी मेट्रोत, मोबाइलवरच्या ॲपवर.

हा फॉरवर्ड त्याआधीही मला दोन-तीन ठिकाणी दिसला होता. मजकूर थोडक्यात असा: स्पॅनिशमधली आपली पातळी कळायला ना क्लास लागतो, ना परीक्षा. दहा मिनिटांची ऑनलाइन टेस्ट अचूक पातळी सांगते. दोन हजार शब्द आले की बी-१. सबटायटलशिवाय मालिका कळली की बी-२. ॲपचं सर्टिफिकेट कुठेही चालतं, कारण ते 'युरोपीय मानकाप्रमाणे' असतं. आणि शेवटी तंबी, की स्वतःची पातळी स्वतः ठरवायला जाऊ नका, ते मनाचे मांडे.

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर आत्याला वाईट वाटलं असतं. म्हणून इथे, एकेक मुद्दा घेऊन.

दहा मिनिटांची टेस्ट

आधी हिशोब करू. अशा टेस्टमध्ये साधारण ३० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून टिचक्या मारल्या तरी सात-आठ बरोबर येतात. समजा दहा उत्तरं तुम्हाला खरोखर येतात आणि उरलेल्या वीसमध्ये दोन पर्याय उघड चुकीचे म्हणून खोडता येतात. मग त्या वीसमधलेही सरासरी दहा बरोबर येणार. झाले ३० पैकी २०. येतं एक तृतीयांश, दिसतं दोन तृतीयांश.

त्यात आपल्याला इंग्रजी येतं, म्हणून 'ओस्पिताल', 'इम्पोर्तान्ते', 'उनिबेर्सिदाद' हे शब्द न शिकताच कळतात. शिवाय पोर्तुगीजांची मेहेरबानी आहेच. स्पॅनिशमध्ये बटाटा 'पाताता', तंबाखू 'ताबाको', आणि पैसे देणं म्हणजे 'पागार', आपल्या पगाराचं सख्खं भावंड. मी गंमत म्हणून घरात स्पॅनिशचा गंधही नसलेल्या एका माणसाला टेस्टला बसवलं. निकाल आला ए-२. आता ते जेवताना अधूनमधून त्याची आठवण करून देतात.

पण खरी अडचण अंदाजाच्या गुणांपेक्षा मोठी आहे. चार पर्यायांतून बरोबर वाक्य ओळखणं आणि ते तोंडातून काढणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि आपल्या चुका नेमक्या दुसऱ्या जागी होतात. 'मे गुस्ता' आपल्याला पहिल्या दिवशी जमतं, कारण 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' ही रचना स्पॅनिशमध्ये तशीच आहे: 'गुस्ता' आणि 'गुस्तान'. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे तिथे महिनाभर अडखळतात.

नागपूरकराला तर आणखी एक फुकटचा फायदा आहे. 'काय करून राहिला?' हे आपलं वाक्य आणि स्पॅनिशचं 'के एस्तास आसिएन्दो?' यांची घडण जवळपास एकच. पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. मात्र आपण 'उद्या येऊन राहिलो' असंही म्हणतो आणि त्याच झोकात स्पॅनिशमध्ये 'एस्तोय बिनिएन्दो मान्याना' बोलून जातो. हे चूक आहे. तिथे साधं 'बेंगो मान्याना' म्हणतात. ही चूक मी वर्षभर केली. एकाही ऑनलाइन टेस्टनं ती पकडली नाही, कारण पर्यायांमध्ये बरोबर उत्तर समोर दिसलं की मी तेच निवडत होते.

सगळ्याच ऑनलाइन टेस्ट थिल्लर असतात असं नाही. लँकेस्टर विद्यापीठानं सांभाळलेली 'डायलँग' ही फुकट चाचणी सुरुवातीलाच क्रियापदांची यादी देते आणि त्यात खोटी, बनावट क्रियापदं मिसळते. नसलेल्या शब्दावर 'येतो' म्हणून खूण केली की फुशारकी उघडी पडते. पुढे वाचन, ऐकणं, व्याकरण यांचा निकाल ती वेगवेगळा देते, एकच शिक्का मारत नाही. पण बोलणं तीही तपासत नाही.

दोन हजार शब्द

यावर फार वेळ घालवत नाही. 'फुई' हा एक शब्द की दोन? 'मी गेलो' म्हणजेही 'फुई' आणि 'मी होतो' म्हणजेही 'फुई'. एकेका क्रियापदाची पन्नासाच्या वर रूपं होतात, ती एक धरायची की पन्नास? 'येवार' म्हणजे नेणं, हे मी पहिल्याच महिन्यात वहीत लिहिलं होतं. 'येवो दोस आन्योस एस्तुदियान्दो', म्हणजे दोन वर्षांपासून शिकतेय, यात तेच क्रियापद आहे हे कळायला पुढचं वर्ष उजाडलं. आणि 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायचा रस्ता नव्हे, यश. ॲपच्या मोजणीत हे सगळे 'आलेले' शब्द.

सबटायटलशिवाय मालिका

मालिकेत अर्धं तर चित्रच सांगतं. बाई रडतेय, बाप्या बॅग भरतोय, यात न कळण्यासारखं काय आहे? चित्र काढून घ्या आणि फक्त आवाज ऐका, मग बोला. तेही एकाच देशाचा नको. माद्रिदची बातमीदार 'ग्रासियास'ऐवजी 'ग्राथियास' म्हणते. क्युबातला माणूस शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतो. स्पेनमध्ये गाडीला 'कोचे' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'कार्रो'. आणि 'पेरो' म्हणजे 'पण', 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक मालिकेत सुटला तरी कथा अडत नाही.

माझी कसोटी सोपी आहे. स्पॅनिश रेडिओवरची दोन मिनिटांची बातमी दोनदा ऐकायची आणि कोण, कुठे, कधी, किती हे कागदावर लिहायचं. पहिल्या वेळी माझ्या कागदावर एक आकडा आणि एका देशाचं नाव होतं. आकडाही चुकीचा.

ॲपचं सर्टिफिकेट 'युरोपीय मानकाप्रमाणे'

ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांची चौकट कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ती कुणालाही वापरता येते. आणि कुणी 'आमची टेस्ट या चौकटीप्रमाणे आहे' असं छापलं तर ते खरं की खोटं, हे कौन्सिल तपासत नाही. म्हणजे सर्टिफिकेटवरचं 'बी-२' हा त्या ॲपचा स्वतःचा दावा. तो प्रामाणिक असू शकतो, पण 'कुठेही चालतं' हे कोणी ठरवलं?

जिथे कागद लागतो तिथे नाव घेऊन मागतात. स्पेनचं नागरिकत्व हवं तर साधारणपणे डेलेची किमान ए-२ लागते. डेले ही इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेची परीक्षा, तिचं प्रमाणपत्र कायमचं. सिएले ही दुसरी, २०१६ पासूनची, संगणकावरची. ती सर्व्हांतेससोबत सालामांका विद्यापीठ, ब्युनोस आयर्स विद्यापीठ आणि मेक्सिकोचं राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ मिळून चालवतात. तिचा निकाल पाच वर्षं चालतो. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एखाद्या कंपनीत लॅटिन अमेरिकेच्या ग्राहकांचं काम असेल, तर ते बायोडेटा बाजूला ठेवून सरळ फोन लावून बोलायला लावतात. एका मैत्रिणीचा असा इंटरव्ह्यू चार मिनिटांत आटोपला होता.

आणि पातळी म्हणजे एकच आकडा, ही समजूतही इथेच मोडते. डेलेच्या बी-१ मध्ये वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं यांना २५-२५ गुण. वाचन-लेखनाची एक जोडी, ऐकणं-बोलण्याची दुसरी. प्रत्येक जोडीत ५० पैकी ३० हवेत. मी मागच्या वर्षी नमुना परीक्षा दिली, लिहिणं-बोलणं आमच्या शिक्षिकेनं तपासलं. वाचन २१, लेखन १३, ऐकणं ११, बोलणं १५. पहिली जोडी ३४, दुसरी २६. बेरीज बरोब्बर ६०, आणि तरी नापास. दुसऱ्या कुणाला ३० अधिक ३० असे तेच ६० पडले असते तर पास. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझं स्पॅनिश खरोखर तसंच होतं: वाचायला बरं, समोर माणूस आला की गप्प.

'स्वतः ठरवू नका'

इथे फॉरवर्ड सगळ्यात जास्त चुकतो. ही चौकटच मुळी स्वतःला तपासता यावं अशा बेतानं केली आहे. तिच्यात स्वमूल्यमापनाचा एक तक्ता आहे. ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं असे पाच भाग, आणि प्रत्येक पातळीवर 'मला हे जमतं' अशी वाक्यं. व्याकरणाचं नाव नाही, कामाचं आहे. ए-२ ला आपलं घर, शिक्षण, नोकरी साध्या वाक्यांत सांगता यावी. बी-१ ला प्रवासात येणारे बहुतेक प्रसंग निभावता यावेत.

मनाचे मांडे होतात ते तक्ता नुसता वाचून टिकमार्क केल्यानं. आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी लक्ष्मीनगरला जमतो, तिथे नियम केलाय: मागच्या महिन्यात ते काम खरंच केलं असेल तरच खूण, आणि शेजारी तारीख व पुरावा. पुरावा म्हणजे रेकॉर्डिंग किंवा कागद. 'प्रवासातले प्रसंग'चं आम्ही नागपुरी भाषांतर केलंय: परदेशी पाहुण्याला झिरो माइलवरून फुटाळ्याला कसं जायचं ते सांगा. सीताबर्डीला मेट्रोची लाइन कशी बदलायची ते सांगा. हॉटेलातला एसी मे महिन्यात बंद पडलाय, तक्रार करा. तर्री पोह्यातली तर्री म्हणजे काय ते सांगा. शेवटच्यात अजून कुणी पास झालेलं नाही.

लिहिण्यासाठी सर्व्हांतेसच्या संकेतस्थळावरच्या नमुना प्रश्नपत्रिका घेतो, फुकट आहेत. बी-१ ला एका तासात दोन मजकूर: १००-१२० शब्दांचं पत्र आणि १३०-१५० शब्दांचा दुसरा मजकूर. घड्याळ लावून, हातानं, कोशाशिवाय. लगेच तपासायचं नाही. तीन दिवसांनी लाल पेन घेऊन बसायचं, तोवर आपलं लिखाण परक्याचं वाटायला लागतं. बोलण्यासाठी पंधरा मिनिटं तयारी, मग दोन-तीन मिनिटं सलग, मोबाइलवर रेकॉर्ड करून. ऐकताना दोनच गोष्टी मोजायच्या: किती वेळा थांबलो आणि किती वेळा हिंदी-इंग्रजीचा आधार घेतला. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं हा छळ आहे, पण भिडस्त परीक्षकापेक्षा ते खरं बोलतं.

एवढं मात्र मान्य, की स्वतःला ऐकू न येणाऱ्या चुका स्वतःला सापडत नाहीत. माझं ते 'एस्तोय बिनिएन्दो' शिक्षिकेनंच दाखवलं. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा एक रेकॉर्डिंग आणि एक कागद जाणकाराला द्यावा.

भावाला मी फोन केला आणि म्हटलं, बी-२ झालास ना, मग नागपूरच्या उन्हाळ्यावर दोन मिनिटं बोल. तो म्हणाला, "आसे कालोर." म्हणजे गरम होतंय. थोडं थांबून, "मुचो कालोर." म्हणजे खूप गरम. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. येत्या रविवारी तो लक्ष्मीनगरला येतोय, तक्ता छापून आण म्हटलंय. पोहे त्याच्याकडून.