सेट उतरला, डोंगर तिथेच आहे

फॅन्टसी सिनेमांच्या लोकेशनवर फिरायला जाणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला एक मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं, प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं, या जागांना किंमत आली ती सिनेमामुळे, त्यांना स्वतःचा इतिहास नाही, आणि सिनेवेड्या गर्दीने त्यांची वाट लागते, म्हणून जाऊच नका. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. बाकीचं साफ चुकीचं आहे, आणि ते वाचून कुणी ठरवलेला बेत मोडला तर मला मनापासून वाईट वाटेल.

‘तिथे काहीच नसतं.’ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, रंगिताता नदीच्या वरच्या खोऱ्यात माउंट संडे नावाची टेकडी आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली एडोरास ही राजधानी हिच्यावर उभारली होती. महिनोन्‌महिने खपून बांधलेला तो सेट शूटिंग संपल्यावर पूर्ण उतरवला. मग आज तिथे बघायचं काय? रुंद सपाट खोरं, त्यात अनेक धारांनी फुटून वाहणारी नदी, भोवती उंच डोंगर आणि मधोमध एकटीच वर आलेली खडकाळ टेकडी. हिमनदीने घासून घासून तिला हा आकार दिलाय. चढ थोडाच आहे, पण माथ्यावर वारा सुटला की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. सिनेमात झेंडे फडफडताना दिसतात ना, तो वारा इथलाच. पूर्वी आसपासच्या मेंढपाळी कुरणांच्या हद्दी राखणारे लोक रविवारी या टेकडीवर भेटायचे, त्यावरून तिला हे नाव पडलं. म्हणजे सिनेमाचे घोडेस्वार यायच्या कितीतरी आधीपासून इथे माणसांचा राबता होता.

न्यूझीलंडमधल्याच मातामाता गावाजवळचं हॉबिटन, म्हणजे सिनेमातल्या हॉबिट लोकांचं गाव, मात्र सेटच आहे, आणि ते कुणी लपवतही नाही. ‘द हॉबिट’च्या वेळी तो पक्क्या साहित्यात पुन्हा बांधला, टेकाडावरचं ओकचं झाडसुद्धा कृत्रिम आहे. सेटमध्ये रस नसेल तर ते खुशाल वगळा. पण त्या एका जागेवरून सगळ्या डोंगरदऱ्यांना खोटं ठरवू नका.

चीनमधल्या झांगजियाजिएचं उदाहरण हा मजकूर लिहिणाऱ्याने मोठ्या विश्वासाने दिलंय: ‘अवतार’मधले तरंगते डोंगर कॉम्प्युटरवर केलेले आहेत. बरोबर, तरंगते डोंगर जगात कुठेच नाहीत. पण वालुकाश्माचे तीन हजारांहून जास्त सुळके तिथे उभे आहेत. भेगांत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं, झाडांची मुळं त्या भेगा आणखी रुंदावतात, आणि युगानुयुगं असं चालल्यावर कड्याचे सुटे खांब होतात. दरीत धुकं भरलं की त्यांचे पायथे दिसेनासे होतात आणि माथे अधांतरी राहतात. यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. 2010 मध्ये तिथल्या एका सुळक्याला सिनेमावरून नवं नाव दिलं गेलं, ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही. त्याला स्वतःचं नाव होतं, आणि ते चांगलं होतं.

‘या जागांना इतिहास नाही.’ हे वाचून मी सगळ्यात जास्त अस्वस्थ झालो. आयर्लंडच्या केरी किनाऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटर आत समुद्रात स्केलिग मायकल हा खडक आहे. ‘स्टार वॉर्स’च्या 2015 आणि 2017 च्या भागांत ल्यूक स्कायवॉकर इथे एकांतात राहतो. हजार वर्षांहून आधी या खडकावर खरोखरच ख्रिस्ती संन्यासी राहत होते. दगडाच्या सहाशेहून जास्त पायऱ्या चढून गेलं की त्यांच्या घुमटाकार खोल्या लागतात. चुना नाही, माती नाही. दगडांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेऊन वर मिटवलेला. अटलांटिकच्या पावसावाऱ्यात त्या अजून उभ्या आहेत. युनेस्कोने 1996 मध्ये हे बेट जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हा इथल्या शूटिंगचा पत्ताही नव्हता. शूटिंगच्या वेळी पफिन पक्षी इतके होते की त्यांना चौकटीबाहेर ठेवणं अशक्य झालं. शेवटी त्यांच्यावरूनच पोर्ग हा प्राणी रचला. कॉम्प्युटर वापरला तो खरे पक्षी झाकायला!

आता गर्दी. उत्तर आयर्लंडमध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेमुळे गाजलेला डार्क हेजेस हा बीच नावाच्या झाडांमधून जाणारा रस्ता आहे. अठराव्या शतकात लावलेल्या त्या झाडांच्या मुळांवरून गाड्यांची रांग लागायची. हे नुकसान खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 2017 पासून तिथे गाड्यांना मनाई झाली. हीच दिशा योग्य आहे. स्केलिगवर उतरवायला 15 बोटींना परवाना मिळतो, प्रत्येकीत 12 प्रवासी, म्हणजे दिवसाला 180 माणसं. त्याहून जास्त नाहीत, तुम्ही कितीही मोठे चाहते असा.

न्यूझीलंडच्या टोंगारिरो उद्यानातला न्गाउरुहोए ज्वालामुखी, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला माउंट डूम, तिथल्या मूळच्या माओरी लोकांना पवित्र आहे. तो आणि शेजारची शिखरं 1887 मध्ये ते हेउहेउ तुकिनो चौथे या त्यांच्या प्रमुखाने राष्ट्राच्या हवाली केली. सिनेमावाल्यांनी न्गाउरुहोएच्या माथ्यावर शूटिंग केलं नाही, आणि प्रवाशांनाही वर न चढण्याची विनंती केली जाते. ती पाळा. टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंगची सुमारे 20 किलोमीटरची पायवाट त्याच्या पायथ्यावरून जाते, तिथून तो शंकू पूर्ण दिसतो. स्केलिगच्या बोटी साधारण मे ते सप्टेंबर एवढ्याच चालतात, आणि समुद्र खवळला तर त्या दिवशी सुटतच नाहीत. आगाऊ जागा धरा आणि एक-दोन दिवस हाताशी ठेवा. डार्क हेजेसला गाडी वाहनतळावर लावा आणि पुढे चालत जा.