ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून पोरांच्या हाती ४० टन देणार?

परत तीच मागणी. ट्रकला ड्रायव्हर मिळत नाहीत, म्हणून अवजड वाहन चालवायचं किमान वय खाली आणा. देश कुठलाही असो, माल वेळेवर पोचेनासा झाला की वाहतूक कंपन्यांच्या संघटना हेच निवेदन घेऊन सरकारदरबारी उभ्या राहतात. सरकारलाही ते आवडतं, कारण त्यात एक पैसा खर्च होत नाही. नियमातला एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा, काम झालं. मी स्वतः जड गाडी चालवतो, नवीन पोरांना शेजारी बसवून शिकवतो आणि हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ड्रायव्हर का मिळत नाहीत हे आम्हाला विचारा ना. निवेदनं लिहिणाऱ्यांना काय विचारता?

गोदामाच्या फाटकापाशी एक दिवस काढून बघा. सकाळची वेळ दिलेली असते. तुम्ही रात्र मोडून वेळेवर पोचता. फाटकावरचा माणूस कागद घेतो आणि सांगतो, थांबा, बोलावतो. मग दुपार होते, संध्याकाळ होते. केबिनमधून उतरू नका म्हणतात, आवारातलं स्वच्छतागृह ड्रायव्हरांसाठी नाही म्हणतात. झोपावं तर नंबर जाईल ही भीती. थांबलेल्या तासांचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, कारण हिशोब फिरलेल्या चाकांचा. आणि एकदाचा माल उतरला की ऑफिसातून फोन येतो, आता जरा दाबून चालव, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय. तुमचं नियोजन चुकलं, गोदामवाल्याने दिवस खाल्ला आणि तो दिवस भरून काढायचा कोणी? ज्याने तो स्टेअरिंगमागे बसून वाया घालवला त्याने.

हे फक्त माझं रडगाणं नाही. अमेरिकेत एमआयटीचे संशोधक डेव्हिड कोरेल यांनी २०२१ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे हेच मांडलं. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला दिवसाला ११ तास गाडी चालवायची परवानगी आहे, प्रत्यक्षात तो सरासरी साडेसहा तासच चालवू शकतो. बाकीचा वेळ कुठे जातो, तर मोठ्या प्रमाणात माल चढवायच्या-उतरवायच्या रांगेत. प्रत्येक ड्रायव्हरला दिवसाला फक्त १८ मिनिटं जास्त चालवायला मिळाली तरी तुटवडा भरून निघेल, असं त्यांचं गणित होतं. १८ मिनिटं! फाटकावरची रांग थोडी शिस्तीत आणली तरी एवढं साधेल. पण रांग शिस्तीत आणायची तर बड्या गिऱ्हाइकांना दुखवावं लागतं. त्यापेक्षा १८ वर्षांचं पोर सोपं.

त्याच अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांमध्ये वर्षाला ९० टक्क्यांच्या वर ड्रायव्हर बदलत असल्याचे आकडे वर्षानुवर्षं येत होते. म्हणजे शंभर माणसांची कंपनी असेल तर वर्षभरात नव्वद वेळा नवा माणूस घ्यावा लागतो. माणसं येत नाहीत असं नाही. येतात, बघतात आणि निघून जातात. तळाला भोक पडलेली टाकी आहे ही, आणि तुम्ही नळ मोठा करायला निघालात.

ब्रिटनचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. २००९ मध्ये तिथे मोठ्या ट्रकसाठी किमान वय २१ वरून १८ वर आणलं. व्यावसायिक पात्रतेच्या परीक्षा जोडल्या, हे मान्य. पण मग बारा वर्षांनी, २०२१ च्या सप्टेंबरात काय झालं? पेट्रोल होतं, ते पंपापर्यंत न्यायला ड्रायव्हर नव्हते. पंपांवर रांगा लागल्या, शेवटी टँकर चालवायला सैन्यातली माणसं बोलवावी लागली. १ लाख ड्रायव्हर कमी आहेत असं वाहतूकदारांची संघटना तेव्हा सांगत होती. वय कमी करून प्रश्न सुटणार होता, तर हे १ लाख कुठे गेले? ब्रेक्झिटने परदेशी ड्रायव्हर गेले, कोरोनात परीक्षा बंद पडल्या, हे खरं. पण १८ वर्षांची पोरं रांगा लावून येतील असं जे चित्र रंगवलं होतं, ते काही उतरलं नाही. त्यावर सरकारने काय केलं? परीक्षा सोपी केली! आधी एकसंध ट्रकचा परवाना, मग ट्रेलर जोडलेल्या गाडीचा, ही पायरी होती. ती काढून टाकली. आता थेट ट्रेलरच्या परीक्षेला बसा.

अमेरिकेतही प्रयोग झाला. तिथे राज्याची हद्द ओलांडून माल न्यायला २१ वर्षं लागतात, राज्याच्या आत मात्र बहुतेक ठिकाणी १८ व्या वर्षी चालतं. २०२१ च्या कायद्याने १८ ते २० वयाच्या पोरांसाठी शिकाऊ उमेदवारीची योजना आली, एका वेळी ३,००० जणांपर्यंत. अटी अशा की पहिले १२० तास आणि मग आणखी २८० तास शेजारी अनुभवी ड्रायव्हर बसला पाहिजे, तोही किमान २६ वर्षांचा. शहाणपणाची अट आहे. पण ३,००० सोडा, त्याच्या आसपासही कोणी फिरकलं नाही, मोजकी पोरं आली. अटी जाचक आहेत, अशी कंपन्यांची तक्रार. मला त्यातलं मर्म स्वच्छ दिसतं. पोरगं स्वस्त पडतं म्हणून हवं होतं. त्याच्या शेजारी दुसरा पगारी माणूस बसवायचा म्हटल्यावर उत्साह मावळला.

आणि इथेच माझा सगळ्यात जास्त संताप होतो. शेजारची ती जागा तुम्हीच रिकामी केलीत ना? जुने ड्रायव्हर कुठल्या शाळेत शिकले? क्लीनर म्हणून गाडीवर चढले, वर्षानुवर्षं उस्तादाच्या शेजारी बसले. टायर ठोकून हवा ओळखायला शिकले, दोर आवळायला, ताडपत्री बांधायला, मागे घेताना हाक द्यायला शिकले. गाडी हाती यायच्या आधी गाडीचा स्वभाव अंगात मुरलेला असायचा. मग कोणीतरी हिशोब केला की एका गाडीवर दोन माणसं परवडत नाहीत. क्लीनर गेला, आणि त्याच्याबरोबर ड्रायव्हर घडवणारी सगळी पद्धत गेली. आता म्हणता, शाळा सुटल्यावर परवाना मिळेपर्यंत मधली वर्षं पोरं दुसऱ्या धंद्यात जातात, म्हणून वय कमी करा. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण १८ व्या वर्षी पोराला कामावर घ्यायला कुठला कायदा आडवा येतो? घ्या की. वर्कशॉपमध्ये घ्या, माल बांधायला घ्या, शेजारी बसवा, पूर्ण पगार द्या. ते नको. त्याने शिकण्याचा खर्च स्वतः करावा आणि पहिल्या दिवसापासून एकट्याने गाडी ओढावी, हे हवं.

गाडी म्हणजे काय हे तरी माहीत आहे का या लोकांना? ताशी १०० किलोमीटरने जाणारा भरलेला ट्रक कोरड्या रस्त्यावरही थांबायला दीडशे मीटरच्या आसपास अंतर खातो. तेवढं अंतर पुढे मोकळं ठेवा, दर दोन मिनिटांनी एखादी कार त्यात घुसते आणि तुमच्या नाकासमोर ब्रेक मारते. घाटात तर वेगळीच परीक्षा. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्यायचा असतो, सुरू झाल्यावर नाही. नुसत्या ब्रेकवर गाडी धरली तर ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांचे लायनर पकड सोडतात, मग पेडल तळाला टेकवलं तरी गाडी थांबत नाही. अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर थांबत आला असं वाटतं आणि आतला द्रव पुढे आदळून त्याला परत ढकलतो. रिकाम्या ट्रेलरला ओल्या रस्त्यावर घाईचा ब्रेक मारा, मागचं धूड वळून केबिनशेजारी येऊन उभं राहतं. यातलं कुठलंही वर्गात सांगून कळत नाही. हळूहळूच कळतं.

तरुण पोरांची नजर तेज, हात चपळ, नव्या गाड्यांची यंत्रं ती आमच्यापेक्षा लवकर शिकतात. हे मी रोज बघतो आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण जड गाडीवर लागणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाही म्हणायची ताकद. वजन जास्त भरलंय, नेत नाही. लायनर संपलेत, नेत नाही. रात्रभर जागलोय, झोपल्याशिवाय किल्ली फिरवणार नाही. धुकं आहे, थांबतो. ही वाक्यं मालकाच्या तोंडावर बोलायची असतात, आणि बोलल्यावर नोकरी जाऊ शकते हे माहीत असतं. चार ठिकाणी काम केलेला माणूस म्हणतो, गेली तर गेली, दुसरीकडे लागेन. ज्याची ही पहिलीच नोकरी आहे, ज्याच्या प्रशिक्षणाचे पैसे घरच्यांनी उसने आणलेत, तो कुठून आणणार ही हिंमत?

माझ्याकडे शिकायला असलेल्या एका पोराला ऑफिसातून फोन आला होता. उद्या पहाटे माल पोचला पाहिजे. पोरगं झोपलेलं नव्हतं, डोळे तांबारलेले. अंतर किती, वेळ किती, काही न बघता तो बोलला, हो सर, पोचतो सर. मी फोन हातातून घेतला आणि सांगितलं, पोचणार नाही, दुपारी येईल. पलीकडून शिव्या आल्या, त्या मी ऐकून घेतल्या. पोरगं घाबरून माझ्याकडे बघत होतं. उद्या तो एकटा असेल, तेव्हा फोन कोण घेणार आहे?

मग कोणीतरी येतो आणि विचारतो, १८ व्या वर्षी मतदान चालतं, सैन्यात जाणं चालतं, ट्रक का नाही? सैन्यात त्या पोराच्या डोक्यावर अधिकारी असतो, ताफा असतो, गाडी तपासणारे वेगळे असतात. आमच्या पोराच्या डोक्यावर फक्त मोबाइल वाजत असतो. आणखी एक युक्तिवाद अमेरिकेतला: टेक्सासमध्ये १८ वर्षांचा मुलगा दिवसभर राज्याच्या आत ट्रक चालवू शकतो, मग हद्दीपलीकडे पाच मैल का नाही? विसंगती आहे खरी. ती मिटवायला आतलं वयही वर नेता येतं, हे मात्र कोणाच्या तोंडून निघत नाही.

युरोपियन युनियनचा नियम निदान काहीतरी विचार करून केलेला दिसतो. १८ व्या वर्षी मोठा ट्रक हवा तर व्यावसायिक चालकाची पूर्ण पात्रता मिळवा, अभ्यासक्रमाच्या वाटेने गेलात तर किमान २८० तास. १४० तासांची जवळची वाट हवी तर २१ पूर्ण होईपर्यंत थांबा. शिवाय साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आणि टॅकोग्राफ, म्हणजे गाडीतलं वेळ-वेग टिपणारं यंत्र, सगळं नोंदवतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परिवहन वाहनासाठी २० वर्षं पूर्ण लागतात, आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. जिथे जी पायरी आहे ती कोणीतरी मेल्यावरच घातली गेली असणार. काढून टाकताना मात्र कोणाला त्याची आठवण राहत नाही.

अपघात झाला की काय होतं हेही सांगतो. पोरगं तुरुंगात किंवा दवाखान्यात. समोरच्या गाडीतलं कुटुंब संपलेलं. कंपनी विम्याचे कागद भरते आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत दुसरी गाडी, दुसरं पोरगं काढते. त्या रात्रीचा फोन ज्याने केला त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

एवढीच घाई असेल तर करा वय १८. पण त्याच कायद्यात लिहा की पहिलं पूर्ण वर्ष शेजारी अनुभवी ड्रायव्हर बसेल आणि दोघांचा पगार कंपनी देईल. लिहा की फाटकावर थांबलेल्या प्रत्येक तासाचे पैसे गोदामवाला मोजेल. लिहा की नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरला काढलं तर दंड मालकाला होईल, आणि झोप न झालेल्या माणसाला गाडी काढायला लावणारा त्याच्याबरोबर आरोपी म्हणून उभा राहील. हे लिहायची तयारी नसेल तर आहे त्या वयाला हात लावू नका.