बोर्डच जातलो

वॉरंटी संपायला 19 दिवस असताना माझ्या लॅपटॉपचं चार्जिंगचं सॉकेट ढिलं झालं. पिन घातली की दिवा लागायचा, मांडी हलली की विझायचा. चार्जर ठणठणीत होता. शेजारच्या पोराच्या लॅपटॉपला लावून बघितला, तर बिचारा निमूट 19.5 व्होल्ट देत होता. रोज तीन-चार वेळा पिन घातली-काढली की सॉकेटचा आतला जोड कधी ना कधी सुटतो, एवढंच ते दुखणं. वॉरंटी आहेच, असं म्हणत मी मालवणहून सकाळची एसटी धरली आणि कसालवरून कणकवलीच्या सर्व्हिस सेंटरात जाऊन बसलो.

माझं टोकन 14, काउंटरवर चालू होता 6. शेजारच्या खुर्चीत एक आबा बसले होते. पांढरा लेंगा, मांडीवर छत्री, पायाशी पिशवीतून डोकं काढलेल्या शेवग्याच्या शेंगा. लॅपटॉप नाही, प्रिंटर नाही, साधा माऊससुद्धा नाही.

"तुमचं काय बिघडलंय, आबा?"

"माजा? माजा काय बिगाडतला? गाडयेक येळ आसा. हय गार लागता." त्यांनी छत्रीच्या टोकाने वरचा एसी दाखवला. "तुजा काय?"

"चार्जिंगचं सॉकेट ढिलं झालंय."

"बोर्ड जातलो."

"नाही हो, नुसतं सॉकेट..."

"झिला, मी हय रोज बसतंय. परवा एका मास्तराचो कीबोर्ड गेल्लो, तेका बोर्ड सांगल्यानी. काल एका बायचो पडदो गेल्लो, तिका पण बोर्डच. माका तर वाटता, ह्येंका दुसऱ्या पार्टाचा नावच म्हायत नाय."

मी त्यांना वॉरंटी समजावून सांगायला गेलो. वर्षभरात काही बिघडलं तर कंपनी फुकट करून देते वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे उलटो नवस. पैशे आदी भरलंस, आता देव पावता काय नाय ता बघूचा." आणि एकदम छत्री आडवी धरून, डोळे मिटून, खड्या आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजाऽऽ! ह्या लेकराच्या लॅपटॉपाची पिन ढिली झाली आसा, म्हाराजा! बारा म्हयन्यांची वॉरंटी आसा, ती सरूच्या आदी ह्येचा काम होऊ दे, म्हाराजा! कोन मदरबोर्ड आडवो घालीत आसात तर तेका वाटेर लाव, म्हाराजा! बिल काडूक कोनाचो हात उटत आसात, तर तो थयच रवान दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे शेवटचं काउंटरवरून आलं. तोवर सगळ्यांशी 'सर, प्लीज वेट' एवढंच बोलणाऱ्या मुलीच्या तोंडून, सवयीने. गणपतीत, जत्रेत, लहानपणापासून म्हणत आलेली असणार, जीभ काय थांबते! ती लालबुंद झाली आणि घाईघाईने ओरडली, "टोकन सात!" आबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. गाऱ्हाणं पोचलं होतं.

माझा नंबर लागेपर्यंत त्यांची गाडी लागली. जाताना दोन शेंगा माझ्या हातात कोंबून गेले. त्या दिवशी त्या इमारतीत मला फुकट मिळालेली वस्तू तेवढीच.

टेक्निशियनने मागचं झाकण काढलं, बॅटरीचा उजेड मारला, फोटो काढला आणि विचारलं, "सर, घरापासून समुद्र किती लांब?"

"असेल चारशे मीटर."

"मग!"

या 'मग'ने माझं डोकं फिरलं. सॉकेटच्या एका पायाला तिळाएवढा हिरवा ठिपका होता. त्याला म्हणे गंज. गंज म्हणजे कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज, म्हणजे ती मी केलेली खराबी. खारा वारा मी सोडतो! आमच्याकडे मृगापासून दसऱ्यापर्यंत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, सायकलची चेन लाल होते, बिजागऱ्या रडतात. हा सगळा माझाच हलगर्जीपणा. मग लॅपटॉप विकताना कोणी का विचारलं नाही समुद्र किती लांब? तेव्हा फक्त पिनकोड विचारला होता, तोही घरपोच पाठवायला.

आमच्या समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. महाराजांनी 1664 साली बांधायला घेतला, पायात शिसं ओतून. साडेतीनशेहून जास्त पावसाळे खाऱ्या लाटा खातोय. आणि यांच्या सोल्डरच्या थेंबाला बारा महिने निघाले नाहीत.

सॉकेट बोर्डला जोडलेलं, म्हणून ते बोर्डच बदलणार. 27,800 रुपये, जीएसटी वेगळा. बोर्डच! आबा, तुमच्या तोंडात साखर नको, मीठ पडो.

बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याने नुसतं बघून चारशे रुपये सांगितले, तासाभरात देतो म्हणाला. पण बाहेर उघडला तर वॉरंटी जाते. जी मला काही देत नाही ती जाईल म्हणून मी भितोय, यावर घरात रोज हसणं होतं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार घातली, तिचा क्रमांक मिळाला. कंपनीचे दोन क्रमांक आधीच आहेत. असे क्रमांक जमवून पत्ते खेळता येतील.

तोपर्यंत तोडगा असा: पिनेखाली घडी घातलेली काड्यापेटी, वायरवर पाट्यावरचा वरवंटा. वरवंट्याचं टोक खिडकीकडे असलं की दिवा लागतो, दाराकडे असलं की नाही. हे लिहिताना बॅटरी 38 टक्के होती. आता 9 आहे, कारण मघाशी आई येऊन वरवंटा घेऊन गेली. बांगडे आलेत, वाटप करायचंय. "तुझ्या त्या डब्याला पाटा लाव हवं तर," म्हणाली.