‘रिकामटेकड्यांचे उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकास

बार्बाडोस चेरीच्या फुलगळीवर मी लिहिलेल्या लेखाखाली काल रात्री एक प्रतिक्रिया आली. खाली दोन ओळी लिहून मोकळी होणार होते, पण सकाळी परत वाचली आणि दोन ओळींत मावेना. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी ती प्रतिक्रियाच देते, काटछाट न करता:

‘ताई, झाडाला खत आणि ऊन मिळालं की फळं आपोआप धरतात. ब्रश घेऊन फुलांशी खेळत बसणं हे रिकामटेकड्यांचे उद्योग. माझ्या अंगणातल्या झाडाला हात न लावता दरवर्षी फळं येतात, क जीवनसत्त्वासाठी घरात सगळे रोज खातात. फळात एक बी असते असं लिहिलंय, तीन असतात. बी पेरून रोप करायला सांगता, कलम का नाही? आणि दहा इंची कुंडीत सात वर्षं झाड? मुळांवरच्या गाठी, सूत्रकृमी यांवर एक अक्षर नाही. पुस्तकं वाचून लिहिलं की असं होतं.’

प्रतिक्रियेबद्दल आभार, मनापासून. लोक लेख शेवटपर्यंत वाचत नाहीत, आपण वाचलात. पण ‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच वाक्यात रिकामटेकडी ठरवायचं, हे नातं काही मला कळलं नाही. ‘मला कधी ब्रश लागला नाही’ एवढं म्हटलं असतं तरी मुद्दा पोचला असता. आपल्याला मुद्दा पोचवायचा होता की टोमणा, एवढाच माझा प्रश्न.

चूक मात्र कबूल. फळात तीन बिया असतात, कंगोरेवाल्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. खाताना जिभेला एकच टणक गोळा लागतो आणि लिहिताना हातून ‘बी’ असं एकवचन गेलं. लेखात दुरुस्ती केली आहे. कोणी चूक दाखवली तर मी ऐकते, हे एवढ्यावरून तरी मान्य व्हावं.

आता ब्रश.

रिकामटेकडी हा शब्द मला एका काळापुरता लागू आहे, आणि तो काळ मीच सांगते. सात वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून माझा पाय मोडला. प्लास्टर, मग कुबड्या, असे जवळजवळ चार महिने. घरात कोणाला वेळ नव्हता, मला वेळच वेळ होता. गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. समोर हीच बार्बाडोस चेरी, तेव्हा नुकतीच कुंडीत लावलेली, कंबरेएवढी. बहर आला की फांद्या गुलाबी व्हायच्या आणि चार-पाच दिवसांत खाली फरशी गुलाबी. फळ म्हणाल तर एखादं, तेही पानाआड.

सुरुवातीला मीही तेच केलं जे आपण सांगता. खत वाढवलं. कुंडी सरकवून दिवसभराच्या उन्हात नेली. झाड खूश झालं, पानं काळीभोर हिरवी, नवे फुटवे हातभर. फुलं पहिल्यापेक्षा जास्त आली आणि पहिल्यासारखीच गळली. ऊन-खताने फुलं येतात हो, त्यावर कुठे वाद आहे? फूल आल्यानंतर त्याचं फळ का होत नाही, हा प्रश्न होता. लेखाचा मथळाही तोच होता.

मग बसल्या जागी करण्यासारखं एकच होतं, बघत राहणं. शेजारच्या कुंडीत सूर्यफूल होतं. मधमाश्या त्याच्यावर तुटून पडायच्या. चेरीच्या फुलावर एखादी यायची, क्षणभर टेकायची आणि चालती व्हायची, चुकीच्या दारात आल्यासारखी. तीन आठवडे मी हेच पाहिलं. याला आपण खेळ म्हणता.

एक फूल खुडून तळहातावर घेतलंत तर कारण डोळ्यांना दिसेल. पाच पाकळ्या, कडा कातरल्यासारख्या, प्रत्येक पाकळीचा बुडखा चमच्याच्या दांड्यासारखा बारीक. मधोमध दहा पुंकेसर. फूल उलटं करा. पाकळ्यांच्या दांड्यांमधून, निदलांच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या) पाठीवर, फुगीर ठिपके दिसतील, जोडीजोडीने. त्या तैलग्रंथी. या फुलात मध नसतो, तेल असतं. ज्या माश्यांसाठी हा सगळा थाट आहे त्या सेंट्रिस नावाच्या प्रजातीतल्या (एकाच कुळातल्या जवळच्या जातींचा गट), फक्त अमेरिका खंडांत राहणाऱ्या. त्यांची मादी फुलावर उतरते, एका पाकळीचा दांडा जबड्यात धरून स्वतःला सावरते आणि पायांनी त्या ग्रंथी खरवडून तेल काढते. पिल्लांच्या खाद्यात कालवायला ते तेल लागतं. हे चालू असताना तिचं पोट पुंकेसरांवर घासतं, परागकण अंगाला लागतात आणि पुढच्या फुलावर जातात.

झाड मूळचं वेस्ट इंडिज, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग इथलं. तिथून ते जगभर गेलं; माश्या मागेच राहिल्या. आपल्या नेहमीच्या मधमाशीला तेल नको असतं, मध हवा असतो. तिला इथे मिळणार काय? परागकण गोळा करायला ती कधीमधी येते, पण तिचा भरवसा नाही. म्हणून ब्रश. मी माशीचं काम करते, एवढंच.

आणि ते किती वेळखाऊ आहे तेही ऐका, कारण ‘बसणं’ हा शब्द आपण मुद्दाम वापरलाय. चित्रकलेचा मऊ, बारीक ब्रश. फूल पहाटे उमलतं, त्यामुळे जेवढं लवकर कराल तेवढं बरं. दुपारनंतर हात लावू नये. फुलाच्या मध्यावर ब्रश हलकेच गोल फिरवायचा, पुढच्या फुलावर जायचं, मग तिसऱ्या. दुसऱ्या मातृवृक्षापासून केलेलं झाड जवळ असेल तर त्याच्यावरचे पराग इकडे आणायचे, त्याने फळधारणा जास्त होते. एका झाडाला दहा मिनिटं लागतात. बहर आठवडाभराचा. वर्षाला तीन-चार बहर धरले तरी सगळं मिळून किती तास झाले, हिशेब आपणच करा. याहून जास्त वेळ तर मला आपल्या प्रतिक्रियेवर विचार करण्यात गेला.

कुबड्या सुटायच्या आधीच मी दोन फांद्यांना लोकरीचे धागे बांधले होते. लाल धागा म्हणजे ब्रश फिरवलेली, पांढरा म्हणजे न फिरवलेली. चार-पाच दिवसांत लाल धाग्याच्या फांदीवर सुकलेल्या पाकळ्यांच्या आत मोहरीएवढे हिरवे मणी दिसायला लागले. पांढऱ्या धाग्याच्या फांदीवरची फुलं देठासकट गळून पडली होती, बोट लावायचा अवकाश. साडेतीन आठवड्यांनी लाल फांदीची फळं दोन्ही ओंजळींत मावेनात. पांढरीवर दोन होती. दोन! ती मी पाडून टाकली नाहीत, लपवलीही नाहीत, लेखातही त्यांचा उल्लेख आहे. परागांविना काहीच लागत नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वाऱ्याने, योगायोगाने, स्वतःच्याच परागांवर काही फळं धरतात. काही जाती त्या बाबतीत जास्त उदार असतात. आपल्या अंगणातलं झाड तसं असेल, तर आनंद आहे. पण ‘दरवर्षी फळं येतात’ म्हणजे किती? शंभर फुलांमागे किती? मोजलीत का कधी? मोजायला अर्थात थोडं रिकामं असावं लागतं.

माझे वडील झाडांच्या बाबतीत फार कमी बोलायचे. आंब्याच्या झाडाखाली उभे राहून मोहर बघत असायचे, अर्धा-अर्धा तास. लोक त्यांनाही रिकामटेकडे म्हणायचे. ते कोणाला उत्तर द्यायचे नाहीत. मला तो गुण आलेला नाही, हे एव्हाना आपल्या लक्षात आलंच असेल.

‘पुस्तकं वाचून लिहिलं की असं होतं.’ हो, वाचते. त्यात लाज कसली? सेंट्रिस माशी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, ती पुस्तकातच भेटली. पण गच्चीवर बसून मला जे दिसत होतं त्याचं कारण तिनेच सांगितलं. नाहीतर मी अजून खतच घालत बसले असते. आणि घरात सगळे क जीवनसत्त्वासाठी ही फळं खातात म्हणता, ते फळात आहे हे आपल्याला कोणत्या फांदीने सांगितलं? १९४६ साली प्वेर्तो रिकोमध्ये असेन्हो आणि गुस्मान या दोन संशोधकांनी ते प्रयोगशाळेत मोजलं, छापलं, आणि मग जगाला कळलं की १०० ग्रॅम गरात हजार मिलिग्रॅमच्याही वर, कधी त्याच्या कित्येक पट असतं. संत्र्यात पन्नासच्या आसपास. म्हणजे आपण रोज जे खाता ते पुस्तकी ज्ञानच आहे. आणखी एक पुस्तकी गोष्ट: हिरव्या फळात ते सर्वांत जास्त असतं, पिकत जातं तसं उतरतं. लालबुंद होईपर्यंत थांबत असाल तर चवीसाठी थांबा, जीवनसत्त्वाच्या नावाखाली नको.

हे जरा तिखट झालं. राहू दे.

बाकीच्या मुद्द्यांवर थोडक्यात. बी की कलम: लेखात मी बियांबद्दल लिहिलं कारण माझं पहिलं रोप बीपासूनचं होतं. पुष्कळ बियांत गर्भच नसतो, त्यामुळे थोड्याच उगवतात, हे मलाही माहीत आहे. पसाभर पेरल्या होत्या, सहा उगवल्या, त्यातलं एक जगलं. छाट कलम किंवा गुटी कलम करून दोनेक वर्षांत फळ येतं, ज्यांना घाई आहे त्यांनी तसं करावं. मला घाई नव्हती.

कुंडीचा आकार हा ज्याच्या-त्याच्या जागेचा प्रश्न आहे. सगळ्यांकडे अंगण नसतं, आणि ज्यांच्याकडे असतं त्यांना बहुधा हे सांगावं लागतं. या झाडाची मुळं खोल जात नाहीत, वरवर पसरतात. त्यामुळे दहा इंचांत ते तगतं, छाटणी करत राहिलं तर. फळं जरा लहान होतात. मागच्या दोन बहरांत फुलंही कमी होती, पण त्याला हवामान कारण असावं.

सूत्रकृमींवर, म्हणजे मुळांत शिरून गाठी आणणाऱ्या मातीतल्या बारीक कृमींवर, एक अक्षर नाही, बरोबर. लेख फुलगळीवर होता. झाडाला होणाऱ्या प्रत्येक रोगाची यादी एकाच लेखात द्यायची तर मग फळं टिकत नाहीत, दोन-तीन दिवसांत आंबतात, कोवळ्या पानांची लव काहींच्या कातडीला खाजते, पाणी साचलं तर मुळं कुजतात, हेही सगळं घालावं लागेल. लेखाला विषय नावाची गोष्ट असते.

राहता राहिलं ते सांगून टाकते, नाहीतर आपण पुढच्या प्रतिक्रियेत विचारालच. झाड गेल्या रविवारी मोठ्या कुंडीत हलवलं. आपली प्रतिक्रिया यायच्या आधी, हे तारीखवार सिद्ध करता येईल. माती आणायला मुलगा आला होता, तो साक्षीदार आहे. कुंडी आडवी करून झाड ओढलं तेव्हा मातीपेक्षा मुळंच जास्त निघाली, कुंडीच्याच आकारात गुंडाळलेली, आणि बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या, बऱ्याच. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर असतात तशा या नव्हत्या, कारण नखाने निघेनात. मूळच तिथे सुजलेलं होतं. मी फोटो काढून ठेवलेत.

त्यावर वेगळा लेख लिहिणार आहे. त्याखाली आपण जरूर लिहा, फक्त ‘ताई’ वगळून.