एकच सिनेमा रोज मागणारं मूल आजारी नसतं

‘तुमचं मूल रोज एकच सिनेमा बघतं? वेळीच सावध व्हा!’ असा एक मेसेज सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. तेच ते बघून मेंदूची वाढ खुंटते. हे ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, लक्षण आहे. हे डोपामिनचं, म्हणजे मेंदूतल्या एका रसायनाचं, व्यसन आहे. याला आईवडिलांचा आळस जबाबदार आहे. आणि उपाय काय, तर तो सिनेमा आजच्या आज डिलीट करा आणि रोज काहीतरी नवीन दाखवा. कोणा डॉक्टरचं नाव नाही, कुठल्या अभ्यासाचा दाखला नाही. तरी माझ्या ओळखीतल्या एका आईने तो वाचून रात्र जागून काढली आणि सकाळी टॅबमधला सिनेमा काढून टाकला. मुलगा तीन वर्षांचा. तो दिवसभर टॅब घेऊन घरभर विचारत फिरला. मला या मेसेजचा मनापासून राग आलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

मेंदू खुंटण्याचा मुद्दा आधी, कारण सगळ्यात चुकीचा तोच आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये निकलोडियन वाहिनीवर ‘ब्लूज क्लूज’ हा बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. तो करणाऱ्यांनी मुलांवरच्या संशोधनाचा आधार घेऊन ठरवलं, की सोमवार ते शुक्रवार रोज तोच भाग दाखवायचा. त्याचा मुलांवर काय परिणाम होतो हे तपासणारा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३ ते ५ वर्षांच्या काही मुलांना भाग एकदाच दाखवला, काहींना पाच वेळा. पाच वेळा बघणाऱ्यांना तो जास्त समजला. लक्ष कमी झालं ते फक्त ५ वर्षांच्या मुलग्यांचं, बाकीची मुलं शेवटपर्यंत तितक्याच लक्षाने बघत होती. आणि दर खेपेला त्यांचा सहभाग वाढत गेला, म्हणजे पडद्यावरून प्रश्न आला की उत्तर देणं, बोट दाखवणं, उठून उभं राहणं. मेंदू बंद पडलेलं मूल असं वागत नाही.

पुस्तकांचंही तसंच. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. तो अभ्यास २०११ चा. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. फरक इतकाच, की एका गटाला त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या आणि दुसऱ्याला वेगवेगळ्या. शब्द जास्त लक्षात राहिले ते त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांच्या.

असं का होतं, हे मुलाशेजारी बसलं की दिसतं. आमच्याकडे हरवलेल्या छोट्या माशाला शोधायला त्याचा बाप समुद्रभर फिरतो, तो सिनेमा चालू असतो. सुरुवातीला माझी मुलगी फक्त रंग बघायची. शार्क आला की डोळ्यांवर हात, पण बोटांच्या फटीतून बघणं चालूच. मग काही दिवसांनी शार्क यायच्या जरा आधी तीच मला सांगायला लागली, “आई, आता तो येणार. तू घाबरू नकोस, तो जातो नंतर.” आणि पुढे एकदा वरणभात खाता खाता, सिनेमा समोर नसताना, तिने विचारलं, “छोटा मासा बाबांवर चिडला म्हणून लांब गेला ना?” सगळ्या गोष्टीचं कारण तिने एकटीने शोधून काढलं होतं. हे पहिल्या खेपेला जमणं शक्यच नव्हतं. त्या खेपेला कोण चांगला, कोण वाईट, हा आवाज कुठून आला, आई कुठे गेली, हे सगळं एकदम सांभाळायचं असतं. पुढे काय होणार हे ठाऊक झालं, की मग ‘का’ विचारायला डोकं मोकळं होतं.

आपल्या घरांत हे काही नवं नाही. चिऊकाऊची गोष्ट किती पिढ्या सांगितली गेली असेल! ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’च्या आधी चुकून ‘तीट लावते’ आलं, तर मूल लगेच आजीला अडवतं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतं. मोठ्यांचंही तेच. तळकोकणात आणि गोव्यात जत्रेला दशावतार बघायला रात्र जागवणाऱ्यांना कथेचा शेवट लहानपणापासून पाठ असतो.

आता ऑटिझम. या मुद्द्याने आया सगळ्यात जास्त घाबरतात, आणि म्हणून इथे बेजबाबदार लिहिणं मला अक्षम्य वाटतं. तेच तेच करण्याची ओढ ही ऑटिझमच्या निकषांत आहे, हे खरं. पण निदान एवढ्यावर होत नाही. दुसऱ्यांशी संवाद साधण्यात, नातं जोडण्यात सातत्याने अडचण दिसणं त्यासाठी आवश्यक असतं. डॉक्टर लहान वयात बघतात ते हे: नावाने हाक मारल्यावर मूल वळून बघतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, एखादी गंमत तुम्हाला दाखवायला आणतं का, खोटंखोटं जेवण भरवण्यासारखे खेळ खेळतं का, आधी येत असलेले शब्द बोलणं थांबलंय का. यातलं काही खटकत असेल तर सिनेमा किती वेळा बघितला हे मोजत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. आणि मूल खरोखर ऑटिस्टिक असेल, तर त्याच्या आवडीचा, ओळखीचा सिनेमा त्याच्यापासून अचानक हिरावून घेणं हा उपचार कसा होईल? काही घरांत त्याच सिनेमातल्या वाक्यांनी मूल आईशी पहिल्यांदा बोलायला लागतं.

डोपामिनचं नाव घेतलं की काहीही शास्त्रीय वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या गाजलेल्या प्रयोगांत दिसलं ते असं: अनपेक्षितपणे रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. पण रस कधी मिळणार हे पक्कं कळलं, की तो मिळताना त्या तशा चेतत नाहीत, त्यांचं चेतणं रस येणार हे सांगणाऱ्या आधीच्या खुणेपाशी सरकतं. मग जिथे पुढचं प्रत्येक दृश्य पाठ आहे, त्या सिनेमावरच डोपामिनचा आरोप का? माकडांवरून मुलांबद्दल मी सरळ निष्कर्ष काढणार नाही, पण मेसेज लिहिणाऱ्यालाही तो अधिकार नाही. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर लागला की संवाद तोंडपाठ असलेली मोठी माणसं हातातलं काम टाकून बसतात. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही.

स्क्रीन किती वेळ, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, शिफारस आहे की २ वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जवळपास हेच सांगितलं. म्हणजे दीड तासाचा सिनेमा एका बैठकीत पूर्ण दाखवणं तीन वर्षांच्या मुलासाठी जास्तच झालं. नवा असो की जुना. मर्यादा तासांची आहे, ‘कितव्यांदा’ची नाही, आणि मेसेजने नेमकी ही गल्लत केली आहे.

भाषेबद्दलची तक्रार त्या मेसेजमध्ये नाही, पण ती मला मान्य आहे. मुलांचे बरेचसे सिनेमे आपल्याकडे हिंदीत डब होऊन येतात आणि मराठी घरातलं मूल ‘मुझे नहीं जाना’ म्हणत फिरतं. तिथे शेजारी बसून मराठीत बोलत राहणं उपयोगी पडतं. ओळखीचा सिनेमा असला की मध्येमध्ये बोललेलं मुलाला खटकतही नाही.

आळसाच्या आरोपावर थोडक्यात. तेच गाणं स्वयंपाकघरात पुन्हा ऐकू आलं की डोकं भणभणतं, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे, आणि ते सहन करणाऱ्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. तो कंटाळा मोठ्यांचा आहे. मूल तर रमलेलं असतं. आपल्याला वीट आला म्हणून मुलाला आजारी ठरवायचं, हे या मेसेजमागचं मला सगळ्यात सलणारं. प्रत्येक खेपेला पूर्ण वेळ शेजारी बसायचीही सक्ती नाही. एखादा प्रसंग एकत्र बघितला, त्यावर बोललात, मग कुकर लावायला उठलात, तर काही बिघडत नाही.

आणि शेवटचा तो उपाय: जुना डिलीट करा, रोज नवीन दाखवा. करून बघा काय होतं ते. ओळखीचा सिनेमा अर्ध्यात थांबवता येतो, कारण मुलाला शेवट माहीत असतो. ‘आज मासा बोटीजवळ पोचेपर्यंत, बाकीचं उद्या’ हे त्याला समजतं, आणि थोडं कुरकुरून ते मान्यही करतं. नवीन दाखवायचं म्हणजे बहुतेक घरांत यूट्यूब. तिथे एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, पुढे काय येणार ते तुम्हालाही माहीत नसतं, आणि थांबायची जागाच सापडत नाही. डिलीट करायचंच असेल तर सिनेमा राहू द्या, त्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा.