'चाँद मियाँ' हा घोडीचा मालक होता

"शिर्डीचे साईबाबा म्हणजे 1838 साली जन्मलेला चाँद मियाँ. बाप पिंडारी. झाशीच्या राणीविरुद्ध इंग्रजांचा हेर, नंतर शिर्डीत लपला." हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल.

आधी नाव. साईसच्चरितात, म्हणजे बाबांच्या चरित्राच्या पोथीत, चांद आहे, पण तो धूपखेड्याचा चांद पाटील. घोडी हरवली म्हणून खोगीर खांद्यावर टाकून हा परतत होता. आंब्याखाली एक फकीर भेटला. त्यानं घोडी कुठं आहे ते सांगितलं, जमिनीत चिमटा खुपसून चिलमीसाठी निखारा काढला, सटका (हातातली काठी) आपटून छापी, म्हणजे चिलमीला लावायचं फडकं, भिजवायला पाणी काढलं. चमत्कार मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा; पण चांद हा घोडीवाला, फकीर नव्हे. पुढे याच पाटलाच्या बायकोच्या भाच्याचं वऱ्हाड शिर्डीला आलं, खंडोबाच्या देवळापाशी उतरलं, आणि सोबतच्या त्याच फकिराला देवळाचे पुजारी म्हाळसापती म्हणाले, "आओ साई." म्हणजे 'साई'सुद्धा शिर्डीनंच दिलेलं नाव.

1838? पोथीत जन्मसाल नाही, आईबापही नाहीत. लिंबाखाली सोळा वर्षांचा पोर दिसला, एवढंच आहे. तो काळ 1854 धरायचा आणि त्यातून सोळा वजा करायचे, की झालं जन्मसाल!

पिंडाऱ्यांच्या लुटारू टोळ्या 1817-18 च्या युद्धातच मोडल्या. बाप जुना पिंडारी असणं अशक्य नाही, पण तसं सांगणारा समकालीन कागद नाही. हेरगिरीचाही नाही.

धर्माचं म्हणाल, तर धुळ्याच्या चोरीच्या खटल्यात बाबांची कमिशनवर, म्हणजे कोर्टात न बोलावता, जबानी झाली होती. नाव? साईबाबा म्हणतात. बापाचं? तेही साईबाबा. पंथ? कबीर. जात? परवरदिगार, म्हणजे ईश्वर. यातून ज्याला जे हवं ते त्यानं काढलंय. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे ब्राह्मण म्हणणारेही आहेत. जानेवारी 2020 मध्ये पाथरीला जन्मस्थान म्हटल्यावरून शिर्डी बंद झाली होती. तो दावाही आठवणींवरच उभा आहे.

"पुरलं, म्हणजे मुसलमानच"? संन्याशालाही पुरतातच. शिवाय ऑक्टोबर 1918 मध्ये बाबा गेले तेव्हा खुद्द गावातच दोन तट पडले होते: एक म्हणे मोकळ्या जागेत दफन, दुसरा म्हणे भक्त बुट्टींच्या वाड्यात, म्हणजे आजच्या समाधी मंदिरात. कोपरगावच्या मामलेदारांपर्यंत गेलं, लोकांची मतं घेतली गेली, वाड्याच्या बाजूनं जास्त पडली.